बांधावरची जांभळी फुलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. एकदा पडणार होती — मी त्यासाठी पायांत बूट घालून घराबाहेर गेलोही होतो — आणि ऐन वेळी जे बाहेर पडलं ते भलतंच होतं. बायकोला यातलं काही माहीत नाही. मॉरीनला जे माहीत आहे ते खोटं आहे. आणि आईला काय माहीत आहे, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझा चेहरा बघणार नाही — एवढंच.

प्रकरण फुलांचं आहे. हसू नका. मूठ-दोन मूठ फुलं, तीही रानटी, कुणी विकत घेणार नाही अशी. फुलं तोडली म्हणून कुणी एवढा बाऊ करतं का? नाही करत. मीही फुलांबद्दल बोलणार नाहीये खरं तर. पण दुसरीकडून आत शिरायला वाट सापडत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी इकडे परदेशात, ड्रोहेडा नावाच्या गावी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझी बायको आणि लेक नात्यातल्या एका लग्नासाठी पुण्याला गेल्या होत्या, त्या तिकडे अडकल्या. आणि माझी आई, जी थंडीत आमच्याकडे राहायला आली होती आणि एप्रिलचं परतीचं तिकीट काढून बसली होती, ती इकडे अडकली. म्हणजे घरात मी आणि आई. माझ्या लग्नानंतर इतके दिवस आम्ही दोघंच एका घरात कधी राहिलो नव्हतो. मी दिवसदिवस इस्पितळात, आणि ती त्या घरात एकटी, दूध संपलं तर दुकानात जाऊन मागता येणार नाही अशी.

आईचा इस्लामपूरला शिवणक्लास होता. अर्ध्या गावाच्या ब्लाउजांची मापं तिला तोंडपाठ. बोलकी बाई, दिवसभर चार पोरी समोर मशिनवर बसलेल्या आणि हिची टकळी चालू. तिला इथे बोलायला कुणी नाही. मी घरी आलो की ती बोलायला सुटायची, आणि मी — खरं सांगतोच आहे तर हेही सांगतो — मी मानेनं हं हं करत फोन बघायचो. मास्कनं कान सोलवटलेले, डोकं सुन्न. पण रोज काही सुन्न नसायचं. कधीकधी फक्त कंटाळा असायचा.

मग तिला मॉरीन भेटली.

आमच्या घरांच्या मागे एक मोठं मोकळं कुरण आहे. पूर्वी तिथे दर पंधरवड्याला गवत कापायचं यंत्र फिरायचं आणि सगळं कसं गालिच्यासारखं दिसायचं. त्या वर्षी इथल्या रहिवाशांनी ठरवलं की ते थांबवायचं आणि इथलं मूळचं गवत, मूळची फुलझाडं परत आणायची. पुढाकार मॉरीनचा. मॉरीन म्हणजे आमच्या रांगेत टोकाच्या घरात एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून फिरणारी बाई. आमची घरं जिथे उभी आहेत ते तिच्या वडिलांचं शेत होतं. ती लहान असताना त्या कुरणात कंबरेएवढं गवत असायचं, म्हणे, आणि त्यात इतकी फुलं की गाई धारेला यायच्या त्या अंगाला फुलांचा वास घेऊनच. मग शेत विकलं, घरं झाली, आणि उरलं ते हिरवं हिरवं एकसुरी लॉन.

तिच्या कामाची रीत आपल्या डोक्यात पटकन शिरत नाही. आपण म्हणतो, झाडं लावायची तर खत घाला. ती म्हणायची, खताचं नावही काढू नका. जमीन जितकी गरीब तितकी फुलं श्रीमंत, कारण सुपीक जमिनीत दांडगं गवत माजतं आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाही. म्हणून गवत वर्षातून एकदाच कापायचं आणि कापलेलं सगळं दाताळ्यानं ओढून बाहेर काढायचं, तिथे कुजू द्यायचं नाही. एक पिवळ्या फुलांचं रोप तर तिनं मुद्दाम पेरलं होतं, जे गवताच्या मुळातून रस पितं आणि गवताला वठणीवर आणतं. आणि बी दुकानातलं चालणार नाही. रंगीबेरंगी पाकिटं मिळतात, पण त्यातलं निम्मं परदेशी. बी इथलंच हवं, याच मातीतलं.

सत्तरीच्या वरच्यांना बाहेर पडायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात आई तिला कुंपणापाशी भेटली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही. त्यांचं कसं जमलं ते मला विचारू नका. मी एकदा घरी आलो तर आई माझे जुने गमबूट घालून, साडी वर खोचून कुरणात उभी, हातात दाताळं. आणि दोन मीटरवर मॉरीन, तिचंही दाताळं. आणि दोघी एकाच वेळी आपापल्या भाषेत बोलतायत. कुणी कुणाचं ऐकून घ्यायचा प्रश्नच नव्हता. मी तिला आई म्हणतो हे ऐकून मॉरीनही तिला ‘आई’च म्हणायला लागली. तिला वाटलं ते नावच आहे. आमच्या उंबऱ्यावर सोडा घातलेला ब्राउन ब्रेड यायला लागला, आणि मॉरीनच्या उंबऱ्यावर शंकरपाळे जायला लागले. आई रात्री जेवताना सांगायची — आज मॉरीनबाईंनी हे दावलं, आज ते दावलं. तिचं हसणं परत आलं होतं. आणि मला हायसं वाटायचं, कारण आता मला हं हं करावं लागत नव्हतं.

कुरणाच्या कडेला एक जुना बांध आहे. घरं बांधणाऱ्यांचं यंत्र तिथवर पोचलं नव्हतं. त्या बांधावर मॉरीनला एक गोष्ट सापडली होती — तिच्या वडिलांच्या कुरणातल्या एका फुलाची शेवटची उरलेली रोपं. निळसर जांभळी, गोल गोंड्यासारखी फुलं, उंच बारीक देठावर. त्याचं नाव स्केबियस. पूर्वी खरजेवर लावायचे म्हणून स्केबीजवरून ते नाव पडलं, हे कळल्यावर मी डॉक्टरी विनोद केला होता आणि मॉरीन पोट धरून हसली होती. पण त्या फुलांच्या बाबतीत ती विनोद चालवून घ्यायची नाही. ऑगस्टात फुलं येणार, ऑक्टोबरात बी पिकणार, ते हातानं काढायचं आणि ताजं ताजंच सगळ्या कुरणात पेरायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. तिनं हे सगळ्यांना सांगितलं होतं. मलाही. आईला तर तिनं हातवारे करून, मूठ उघडझाप करून समजावलं होतं, आणि आईनं घरी येऊन मला पुन्हा सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. त्या वर्षी या देशात डॉक्टर म्हणजे कोण होता, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या गल्लीत लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि माझी गाडी वळली की जरा जास्तच वाजवायचे. कुणी केक ठेवून जायचं. माझ्या घरापुढचं गवत कुणी कापून गेलं ते मला अजून कळलेलं नाही. मॉरीन मला ‘आवर डॉक्टर’ म्हणायची. इतकी वर्षं मी इथे कुणाच्या लक्षातही न येणारा एक परका माणूस होतो — पार्किंगमध्ये मान हलवून हाय म्हणणारा — आणि अचानक मी त्यांचा झालो. मला ते आवडायचं. किती आवडायचं हे आता कळतं.

गणपतीचा दिवस आला. आईनं लहान मुलांच्या खेळायच्या मातीचा गणपती केला होता, सोंड जरा जाड झाली होती पण ऐट होती. पुण्याहून लेकीनं बजावलं होतं, बाबा, डेकोरेशन छान पाहिजे, मी सगळ्या मैत्रिणींना व्हिडिओ दाखवणारे. मी रात्रपाळी करून सकाळी परतत होतो. वाटेत फुलं घ्यायची राहून गेली. आणि गाडी लावून मागच्या कुरणातून घरी येताना बांधावर ती फुलं उभी — नुकती उमललेली, दवानं ओली. आसपास कुणी नव्हतं. खिशात ड्रेसिंगची कात्री होती.

थकलो होतो म्हणू? थकलो होतोच. पण थकलेला माणूस सरळ घरी जाऊन झोपतो. मी वाकून एकेक देठ नीट कापला. आधी वाटलं चारपाच घेऊ. मग वाटलं, मागे महिरपीला लावली तर काय दिसतील! एक उरलं असतं तर कुणीतरी कापलंय हे दिसलं असतं, सगळीच नसली तर अजून उमललीच नाहीत असं वाटेल — हा विचार मी केला. माझ्यासारखा शिकलेला माणूस हा विचार करतो आणि त्याला तो पटतो.

डेकोरेशन झक्क झालं. मी फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. आणि मग — याला काय म्हणावं? — तोच फोटो आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही टाकला. ‘आमच्या सणाच्या शुभेच्छा.’ बदाम, टाळ्या, हात जोडलेले, सगळं येत राहिलं. मी चहा पीत ते बघत बसलो.

आई आंघोळ करून आली आणि गणपतीपुढे थबकली. वाकून तिनं एका गोंड्याला बोट लावलं. मग म्हणाली, “आरं, ही तर बांधावरची. बी धरायचं हुतं की त्याचं.”

मी म्हणालो, देवालाच वाहिलीत ना, त्यात काय एवढं.

“द्येव मागायला आला हुता का?” ती म्हणाली. “तिनं रोज जाऊन बघितलीत ती. आत्ताच्या आत्ता जा आन् सांग तिला, चुकलं म्हणून. ती चांगली बाई हाय, काय म्हणायची न्हाई.”

तेव्हाच दाराबाहेर फाटकापाशी मॉरीन उभी दिसली. तिनं फोटो बघितला होता आणि मग बांध बघून आली होती. आईनं मला जवळजवळ ढकललंच. मी बूट घातले. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, आणि ते वाक्य मनात जुळवतच मी ती चार पावलं चाललो.

मॉरीन रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे लाल होते, आणि ती मलाच सांभाळून घेत होती. म्हणाली, डॉक्टर, तुम्हाला सणाच्या दिवशी त्रास द्यायचा नव्हता. ती फुलं बघितली मी फोटोत. आणि मग तिनंच हळूच, माझी अडचण होऊ नये अशा आवाजात विचारलं — आईनं घेतली का, प्रार्थनेसाठी?

दार उघडंच होतं असं. मला फक्त आत जायचं होतं.

आणि पुरावाही मीच आधी देऊन ठेवलेला होता. उन्हाळ्यात एकदा गप्पांत मी तिला हसत हसत सांगितलं होतं, की आमच्याकडे म्हाताऱ्या बायका पहाटे उठून शेजाऱ्यांच्या बागेतली फुलं तोडतात, देवासाठी असली की ती चोरी नसते, आणि आमची आई त्यात एक नंबर. इस्लामपूरला शेजारच्या काकूंच्या जास्वंदीवर तिचा खरंच डोळा असायचा. तेव्हा मॉरीन केवढी हसली होती!

मी म्हणालो — इंग्रजीत म्हणालो, अगदी नीट, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात — की हो, तिचं वय झालंय, तिकडच्या सवयी आहेत, तिला समजलं नसेल, मी दिलगीर आहे.

‘मी दिलगीर आहे.’ तेवढं वाक्य वाया गेलं नाही.

मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. तिला वाटलं, पोरगं कबुली देतंय. पोराच्या वतीनं तिनं खिडकीतून मॉरीनला हात जोडले, मान खाली घातली. मॉरीननं ते बघितलं. हात वर करून तिला म्हणाली, “अहो काही नाही हो, ग्रँड, ग्रँड,” म्हणजे सगळं ठीक आहे, आणि मग मला, “तिला काय माहीत बिचारीला.” आणि निघून गेली. आई आनंदानं म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं?

मी आईला जेवायला वाढलं आणि मोदक खाल्ले. चवीनं खाल्ले, हेही सांगितलं पाहिजे.

आठवड्याभरात बांधापाशी एक पाटी आली. मॉरीनच्या हातची, लाकडाची, रंगवलेली. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. एक जांभळं फूल, एक हात, आणि हातावर तिरकी लाल रेघ. कुणालाही दुखवायचं नाही म्हणून किती काळजी घेतली होती तिनं! हाताची बोटंही गोंडस काढली होती. आणि आमच्या आख्ख्या गल्लीत इंग्रजी वाचता न येणारं माणूस एकच होतं.

आई ती पाटी बघून घरी आली. दाताळं दाराशी टेकवलं. म्हणाली, “तू सांगितलंस न्हवं तिला?”

मी म्हणालो, हो.

“मग ते हाताचं चित्र कुणासाठी? तुला तर वाचता येतंय.”

मी म्हणालो, लहान मुलांसाठी असेल गं. ती माझ्याकडे बघत राहिली. मोजमाप घेताना बघायची तशी, टेप न लावता. मग ‘बरं’ म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

त्यानंतर ती कुरणात गेली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. गुडघा दुखतोय म्हणायची, वारं फार सुटलंय म्हणायची. मॉरीन कुंपणावरून हात करायची, आई खिडकीतून हात करायची, पण ब्रेड आला तर शंकरपाळे पाठवायला ती माझ्या हाती द्यायची. मॉरीनला वाटलं, बिचारी शरमली आहे. म्हणून तीही जपून वागायला लागली, लांबून. सप्टेंबरात आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून गवत कापलं, दाताळ्यांनी ओढलं, थर्मासमधला चहा प्याले. आई वरच्या खोलीच्या खिडकीतून बघत होती. मी खाली होतो. मी वर बघितलं नाही.

ते तीन-साडेतीन महिने ती परत घरातच बसली. मी आलो की बोलायची, पण पूर्वीसारखी सुटायची नाही. एक माणूस जोडलं होतं तिनं या देशात, तेही स्वतःच्या हिमतीवर, भाषेशिवाय. ते मी घेतलं. माझ्याकडे आख्खी गल्ली होती, तिच्याकडे एक मॉरीन. आणि गल्लीतला माझा मान जायला नको म्हणून मी तिची मॉरीन देऊन टाकली. बरं, मान गेला असता का? काय केलं असतं मॉरीननं मला? दोन दिवस गप्प बसली असती आणि मग स्केबियसवरचा माझाच विनोद मला ऐकवला असता. मला हे तेव्हाही कळत होतं.

विमानं सुरू झाल्यावर, डिसेंबरात आई गेली. त्याआधीच बायको आणि लेक परतल्या होत्या. निघताना आईनं मॉरीनच्या घराकडे बघितलं, बेल वाजवायला सांगितली नाही. मीही वाजवली नाही.

फुलांचं म्हणाल, तर ती परत आली. बहुवर्षी झाड आहे ते, कापल्यानं मरत नाही. उशिरा फुटलेल्या कळ्यांचं थोडंसं बी मॉरीनला त्याच शरदात मिळालं होतं, आणि दोन हजार एकवीसच्या ऑगस्टात तर बांध पुन्हा जांभळा झाला. झालेलं नुकसान एका वर्षाचं, तेही निम्मं. झाडांना कसं सहज जमतं ते.

त्याच महिन्यात एका रविवारी मॉरीन पहिल्यांदाच आमच्या घरात आली. तोवर तिची लस झाली होती, सगळेच जरा मोकळे झाले होते. बायको लेकीला घेऊन बाहेर गेली होती. मी चहा टाकला, प्रेसमधून बरे कप काढले — इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मॉरीन म्हणाली, ‘आई’ आहे का? दे, दे, मला बोलू दे.

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. दोघी एकमेकींना बघून हसल्या, दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. थोडा वेळ अगदी पूर्वीसारखं वाटलं. मग मॉरीन गंभीर झाली आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, तिला सांग, ती पाटी मी लावायला नको होती. ती माझ्याशी बोलायची थांबली ते त्या पाटीमुळेच, मला ठाऊक आहे. तिला सांग, फुलांचं मी केव्हाच विसरले, तिनं मनाला लावून घेऊ नये.

आईनं विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हणालो, तुझी तब्येत विचारतायत. गुडघा कसा आहे म्हणून.

आईनं फोन दोन्ही हातांत धरला. मग स्क्रीनच्या अगदी जवळ आली. “त्यांना एक इचार,” ती म्हणाली. “म्हणावं, माझ्या पोराकडनं चूक झाली हुती. तुमी मनापासनं माफ केलंय का त्याला? म्हणावं, मला तेवढंच ऐकायचंय.”

तिला माहीत होतं का? ती मला रस्ता करून देत होती का, शेवटचा? की खरंच तेवढंच विचारत होती? मॉरीन माझ्या तोंडाकडे बघत होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या दोघींच्या मध्ये मी होतो, आणि माझ्याशिवाय एकीचा शब्द दुसरीपर्यंत पोचणार नव्हता. चहा उकळून वर आला, तो मी बंद केला.

मॉरीनला मी म्हणालो, ती सॉरी म्हणतेय. फुलं तोडल्याबद्दल. तिला तेव्हापासून वाईट वाटतंय.

मॉरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. फोनवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ ‘नो, नो, नो’ म्हणत राहिली. आईला मी म्हणालो, केलंय म्हणाल्या, माफ. आईनं डोळ्यांना पदर लावला.

मग मॉरीननं माझा दंड थोपटला आणि आईकडे बघून म्हणाली, काय गुणाचा मुलगा वाढवलात तुम्ही. आईनं मला विचारलं, आता काय म्हणाल्या?

ते मात्र मी तिला शब्दन् शब्द सांगितलं.